विहीर, पांढरी, घर : रिले-कोडिंगच्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

विषय आज पक्का झाला: रिलेच्या, म्हणजे मधे ऐकून पुढं पाठवणाऱ्या रेडिओच्या मदतीनं चालणाऱ्या बिनतारी संदेशांसाठी चूक सुधारणारे कोड. मॅडमनी एकच अट घातली, सिम्युलेशनवर थांबायचं नाही. म्हणून जागा आमच्याच गावाची घेतली.

गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वस्ती वर माळावर गेली. रानं आणि विहिरी खाली तेरणेच्या अंगाला राहिल्या. मधे जुन्या गावठाणाची पांढरी आहे, भोवतालच्या रानापेक्षा दोन पुरुष उंच. विहिरीपासून नव्या घरापर्यंत सरळ रेषेत पावणेदोन किलोमीटर. पांढरी साधारण निम्म्यावर, जरा बाजूला. विहीर आणि घर यांच्या मधोमध ऊस उभा आहे, बारा फुटांच्या वर.

काम एवढंच, की विहिरीची पाणीपातळी घरी कळावी. संदेश फार लहान आहे. पातळी, बॅटरीचा व्होल्टेज, नोडचा नंबर आणि वेळ मिळून ४८ बिट, त्यावर १६ बिटांचा सीआरसी (निरोप बिघडला का ते ओळखणारी तपासणीची बिटं). ६४ बिटांत सगळं बसतं.

"लोरा आहे की मग," असं वर्गातल्या दोघांनी विचारलं. (लोरा म्हणजे थोड्या विजेवर लांब पल्ला गाठणारा तयार रेडिओ प्रकार.) बरोबर आहे. ज्याला फक्त पातळी हवी त्यानं लोराच घ्यावं, मी स्वतः तोच सल्ला देईन. लोराची खरी ताकद त्याच्या फैलावात, म्हणजे संदेश फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यावर पसरवण्यात (स्प्रेडिंगमध्ये) आहे. आतला कोड साधा असतो: ४/५ दराला (चार बिटांमागे पाच पाठवायची) नुसती पॅरिटी, म्हणजे सम-विषमची खूण, जी एक चूक ओळखते पण सुधारत नाही, ४/७ आणि ४/८ ला हॅमिंगच्या जातीचा कोड, जो एका शब्दातली एक चूक सुधारतो. आम्हाला पाहायचंय ते वेगळं. मधला रेडिओ जे ऐकतो त्याचं काय करतो, आणि घरचा रेडिओ दोन्हीकडचं ऐकून एकच उत्तर कसं काढतो.

विहिरीवर आणि पांढरीवर ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) आणि एसएक्स१२७६ रेडिओ मोड्यूल, एफएसके मोडमध्ये (शून्य आणि एकसाठी दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी), ४.८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ४,८०० बिट. मधला रिले पांढरीवरचा. फ्रिक्वेन्सी ८६६ मेगाहर्ट्झ, कारण ८६५ ते ८६८ हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे. घरी रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि त्याला लावलेला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे फक्त ऐकणारा रेडिओ. डोंगल घेण्याचं कारण: मोड्यूल फक्त शून्य की एक एवढंच सांगतं, डोंगल कच्चे नमुने देतं, त्यातून "बहुतेक एक, पण खात्री नाही" हेही कळतं. पॉवर मुद्दाम २ डीबीएमवर, म्हणजे अगदी कमी ठेवणार. चुका झाल्याच नाहीत तर कोड तपासायचा कशावर?

२० नोव्हेंबर

मतदानाला गावी आलो, दुपारून आबांना घेऊन जागा पाहिली.

रिले म्हटल्यावर आबांनी विचारलं, "स्टार्टरातला रिले का?" त्यांच्या दृष्टीनं रिले म्हणजे मोटर जळू नये म्हणून ट्रिप होतो तो. मी सांगितलं की हा वेगळा, विहिरीवरचा निरोप मधे ऐकून पुढं घरी पाठवणारा. आबा लगेच म्हणाले, "मंग हाळीच की!" गाव पांढरीवर होतं तेव्हा मळ्यातला निरोप असाच जायचा. विहिरीवरचा ओरडायचा, बांधावरचा ऐकायचा आणि गावाकडं तोंड करून पुन्हा ओरडायचा. आबा पुढं जे बोलले ते तसंच उतरवून ठेवतो: "पर मधल्याला नीट ऐकू नाही आलं तर त्यानं गप बसावं. उगी अंदाजानं ओरडला, तर मोटर बंद कर म्हणलेलं तिकडं चालू कर म्हणून पोचतं."

एक प्रयोग जागेवरच केला. रिलेचं मोड्यूल बांबूला बांधून लिंबाखाली धरलं. पॅकेट येत होते. बांबू वीतभर बाजूला सरकवला, यायचे बंद. परत पहिल्या जागी आणला, सुरू. मित्रानं चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. ८६६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साडेचौतीस सेंटीमीटर भरते. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून, पाण्यावरून, झाडावरून परतून आलेली लहर एका जागी एकमेकींना जोर देतात, अर्ध्या लांबीच्या आत एकमेकींना खोडून टाकतात. पुस्तकात फेडिंगचं प्रकरण दोनदा वाचलं होतं. हातात बांबू धरून ते आज पहिल्यांदा कळलं.

आमचं पॅकेट जेमतेम ३० मिलिसेकंदांचं. तेवढ्यात वाट बदलत नाही. खड्ड्यात सापडलं तर अख्खं पॅकेट खड्ड्यात. मग त्यात कितीही भारी कोड असो, सुधारायला हाताशी काही उरत नाही. बिटांची अदलाबदल करून चुका पांगवल्या तरी उपयोग नाही, सगळीच बिटं सारखी बुडालेली असतात. दुसरी वाट हवी, आणि ती पांढरीवरून जाते.

२६ नोव्हेंबर

कोड ठरला. कन्व्होल्यूशनल, म्हणजे प्रत्येक बिट मागच्या बिटांशी बेरीज करून बाहेर पाठवणारा. कन्स्ट्रेंट लेंथ ७ (एका वेळी सात बिटं पाहतो), आणि कोणती बिटं बेरजेत घ्यायची ते सांगणाऱ्या दोन बहुपदी, ऑक्टल (आठच्या पायाच्या) आकड्यांत १३३ आणि १७१. हाच जोड व्हॉयेजर यानांवर होता. ६४ बिटांमागे ६ शून्यं शेपटीला लावायची, म्हणजे मागची बिटं धरून ठेवणारं रजिस्टर पुन्हा रिकामं होतं. ७० बिट आत, १४० बिट बाहेर.

रिलेसाठी तिसरी बहुपदी घेतली, १६५. एलटीईच्या (४जी मोबाइलच्या) कंट्रोल चॅनलला १३३, १७१ आणि १६५ हेच त्रिकूट आहे (तिथं शेपूट शून्यांची नसते, टोक सुरुवातीला जोडलेलं असतं). बेत असा: प्रत्येक बहुपदीतून बिटांची एक धार निघते; विहीर पहिल्या दोन धारा पाठवते. रिले त्या ऐकून मूळ ६४ बिट काढतो, सीआरसी तपासतो, पुन्हा कोड करतो आणि फक्त तिसरी धार पाठवतो, ७० बिटांची. घरी तिन्ही धारा एकाच विटर्बी डीकोडरात, म्हणजे सगळ्यात जास्त जुळणारा मूळ निरोप शोधणाऱ्या प्रोग्रामात जातात. विहिरीचा कोड अर्ध्या दराचा. रिलेची धार मिळाली की तोच एक तृतीयांश दराचा होतो. कोणत्याही दोन निरोपांच्या कोडमधला कमीत कमी फरक १० जागांवरून १५ जागांवर जातो.

रिले एकाच फ्रिक्वेन्सीवर एका वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, त्याचाच आवाज त्याच्या कानात बसतो. म्हणून पाळी: आधी विहीर, मग पांढरी.

संध्याकाळी धाकट्या भावाला वहीवर छोटा कोड करून दाखवला, कन्स्ट्रेंट लेंथ ३, ऑक्टल ७ आणि ५. आत १ ० १ १ आणि शेपटीला दोन शून्यं. बाहेर ११ १० ०० ०१ ०१ ११. एकेक बिट आत सरकवत, मागची दोन बिटं बोटानं दाबून धरत बेरीज करायची. सम आली तर शून्य, विषम आली तर एक. दुसऱ्या ओळीला त्याला उमगलं की प्रत्येक बिटाचा ठसा तीन जोड्यांवर उमटतो. "म्हणून एक जोडी फाटली तरी चालतं," असं तोच म्हणाला. ज्याला कुणाला हा विषय शिकायचा आहे त्यानं कोड लिहायच्या आधी हे एकदा हातानं करावं.

रिचर्ड हॅमिंगचा १९५० चा लेख आज पुन्हा चाळला. बेल लॅब्जमध्ये त्याचं यंत्र शनिवार-रविवारी चूक सापडली की काम टाकून पुढच्या कामाला लागायचं. यंत्राला चूक कळते तर ती सुधारताही आली पाहिजे, या चिडीतून हॅमिंग कोड आला. ते यंत्र रिलेंचंच होतं, आबांच्या स्टार्टरातल्या जातीच्या.

४ डिसेंबर

पहिली मोजणी. मुद्दाम सीआरसी न पाहता, रिलेला जे समजलं ते पुढे पाठवायला लावलं. निकाल वाईट. रिले नसताना जेवढे पॅकेट चुकत होते, जवळपास तेवढेच आताही चुकतात.

कारण कागदावर काढलं. समजा, प्रत्येक वाट दहातून एकदा बुडते. रिले नसेल तर दहातला एक निरोप गेला. रिले असेल आणि तो चुकीचं कधीच बोलत नसेल, तर निरोप बुडायला दोन्ही वाटा बुडाव्या लागतात. सरळ वाट बुडण्याचा संभव ०.१. रिलेची वाट दोन तुकड्यांची, पहिला तुकडा बुडेल किंवा दुसरा, म्हणजे ०.१९. गुणाकार ०.०१९. शंभरातले दहा होते तिथं दोन.

आता रिले आंधळेपणानं बोलतोय असं धरा. दहातून एकदा त्याला चुकीचं ऐकू येतं आणि तो ते चुकीचं ठणकावून सांगतो. पांढरी विहिरीपेक्षा घराच्या जवळ आणि उंचावर, त्यामुळे घरी त्याचा आवाज विहिरीपेक्षा मोठा. विहिरीचं खरं त्याच्या खोट्याखाली दबतं. मिळवलेलं सगळं गेलं, पुन्हा दहातला एक.

हे आधीपासून माहीत असलेलं आहे. लेनमन, त्से आणि वॉर्नेल या संशोधकांनी २००४ मध्ये हेच गणितात मांडलं: रिले नेहमी डीकोड करून पुढे पाठवत राहिला तर दोन वाटांचा फायदा मिळत नाही, ऐकू आलं तेव्हाच बोलला तर मिळतो. सिग्नल दहा डीबीनं, म्हणजे दहापट वाढवल्यावर एका वाटेवरच्या चुका दहाव्या हिश्शावर येतात, खऱ्या दोन वाटा असतील तर शंभराव्या. तो आलेख परीक्षेत काढला होता. आबांनी तेच बांधावर उभं राहून एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी ते लिहूनही घेतलं होतं, तरी हे चार दिवस मोजण्यात गेले. गेले ते बरं झालं. आता आकडे आपले आहेत.

उद्यापासून सीआरसी जुळला तरच रिले बोलणार. १६ बिटांच्या सीआरसीला अगदी विस्कटलेला निरोप चुकून खरा वाटण्याचा संभव ६५,५३६ मध्ये एक. आमच्या कामाला पुरे.

९ डिसेंबर

दोन दिवस एकाच चुकीत गेले. रिले चालू केल्यावर पहिला निरोप घरी बरोबर जुळायचा, पुढचे सगळे बिघडायचे. बंद करून चालू केला की पुन्हा पहिला बरोबर.

आम्ही अँटेना, बॅटरी, फ्रिक्वेन्सी, सगळं तपासलं. शेवटी मित्रानं एकाच मजकुराच्या दोन निरोपांच्या धारा कागदावर एकाखाली एक छापल्या. फरक फक्त पहिल्या सहा जागांत होता. सहा म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला: रिलेच्या कोडात शेपटीची सहा शून्यं घालायचीच राहिली होती. रजिस्टरात आधीच्या निरोपाची शेवटची सहा बिटं बसून राहायची आणि पुढच्याच्या तोंडाला लागायची. एक ओळ घातली, सुटलं.

१५ डिसेंबर

पहाटे पाच ते सात निरोप येत नाहीत, नऊनंतर नीट येतात. मी रिलेच्या बॅटरीवर संशय घेतला, कारण रात्रभर सोलर नसतं. मल्टिमीटर घेऊन पहाटे पांढरीवर गेलो. बॅटरी ठणठणीत.

दोष थंडीचा निघाला. रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तापमानानुसार सरकतो. ८६६ मेगाहर्ट्झला दहा लाखात एक भाग सरकला तरी ८६६ हर्ट्झ होतात. दहा भाग सरकला तर साडेआठ किलोहर्ट्झच्या वर, आणि आमचं डेव्हिएशनच (शून्य-एक दाखवायला फ्रिक्वेन्सी जेवढी हलवतो ते अंतर) पाच किलोहर्ट्झ. उघड्यावरचं मोड्यूल गारठलेलं, घरातला डोंगल उबदार, दोघं दोन दिशांना.

आता घरचा प्रोग्राम दर निरोपाच्या प्रिॲम्बलवरून (सुरुवातीच्या ठरावीक बिटांवरून) आधी फ्रिक्वेन्सी जुळवून घेतो. याच निमित्तानं आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सिंक वर्ड, म्हणजे निरोप इथून सुरू होतो असं सांगणारा ठरलेला शब्द, कोडच्या बाहेर असतो. आम्ही आतल्या ६४ बिटांभोवती एवढा बंदोबस्त केला, पण दारावरची पाटीच वाचता आली नाही तर निरोप आत येत नाही. डोंगलच्या बाजूला सिंक ३२ बिटांचा आहे. जुळणी मोजून थोडा कमी जुळला तरी आत घेतो. रिलेवरचं मोड्यूल तशी सवलत देत नाही.

२१ डिसेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण या प्रकल्पातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आज हाताला लागली.

तिन्ही धारा एकत्र केल्यावर निकाल एकट्या रिलेपेक्षा वाईट येत होता. हे होताच कामा नये. जास्त माहिती मिळाल्यावर उत्तर बिघडत असेल तर माहिती वापरण्यात चूक आहे.

एका निरोपाचे सगळे आकडे छापले. विटर्बीला मी प्रत्येक बिटामागे एक आकडा देतो. चिन्ह सांगतं शून्य की एक, आकार सांगतो किती खात्री. विहिरीकडून आलेल्या धारेचे आकडे असे होते: ०.९, -१.१, १.३, -०.२, ०.८. रिलेकडून आलेले: १.०, १.०, -०.९, १.१, -१.०. पाहता पाहता लक्षात आलं की दोघांचे आकडे साधारण एकाच उंचीचे आहेत. तसं कसं असेल? विहिरीचा सिग्नल गोंगाटात जेमतेम डोकं वर काढत होता, रिलेचा खणखणीत होता.

मीच दोन्ही बर्स्ट (दोन्हीकडून एका दमात आलेले सिग्नल) त्यांच्या त्यांच्या सरासरी उंचीनं भागून सारखे करून घेतले होते, आलेख नीट दिसावेत म्हणून. त्या भागाकारात दोघांच्या खात्रीतला फरक पुसला गेला. कुजबुज आणि हाळी एकाच पट्टीत आली, आणि कुजबुजीतल्या गोंगाटालाही तेवढाच मान मिळाला.

दुरुस्ती: आकडा द्यायचा तो दोन गुणिले सिग्नलची उंची गुणिले आलेलं मोजमाप, भागिले गोंगाटाचा व्हेरियन्स (गोंगाट किती हलतो त्याचं माप). एफएसकेला हे सूत्र तंतोतंत लागू होत नाही, पण कामापुरतं होतं. उंची आणि गोंगाट कुठून काढायचा? सिंक वर्डमधून. ती ३२ बिटं काय आहेत ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. आलेलं मोजमाप त्यांच्या भोवती किती हललं तेवढा गोंगाट. आता विहिरीचे आकडे ०.३, -०.४ असे बारीक झाले, रिलेचे ९, -११ असे ठळक. तिन्ही धारा मिळून एकट्या रिलेपेक्षा चांगल्या निघाल्या, ज्या दिवशी विहिरीची वाट चांगली त्या दिवशी तर ठळक फरकानं.

आणि रिले गप्प असेल तेव्हा? तिसऱ्या धारेच्या सत्तर जागी शून्य. या मोजपट्टीत शून्याचा अर्थच "मला माहीत नाही" असा आहे. शून्य ना इकडे ओढतं ना तिकडे. विटर्बी त्या जागा ओलांडून उरलेल्या १४० बिटांवर उत्तर काढतो. "माहीत नाही" यालाही आकडा असतो आणि तो बेरजेत बिनधोक चालतो, हे मला फार सुंदर वाटलं. मी रात्री साडेअकराला मित्राला फोन करून सांगितलं.

एक खाचखळगा: रिले गप्प असताना कधीमधी गोंगाटातच सिंकसारखं काहीतरी दिसायचं आणि प्रोग्राम ते रिलेचं बोलणं समजायचा. रिलेची पाळी ठरलेल्या वेळी येते, म्हणून खिडकी अरुंद केली आणि जुळणीची अट त्या धारेपुरती थोडी कडक केली. थांबलं.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिवकडच्यांना वेगळं सांगायला नको. आज गावात माणूस दिसत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. चुलतीनं सकाळीच बजावलं की आज कॉम्प्युटर नको. तरी लॉगिंग चालूच होतं, मी फक्त पाहिलं नाही.

संध्याकाळी पाहिलं तर दुपारी साडेअकरा ते चारपर्यंत सरळ वाट जवळजवळ मेलेली. जेवायला आलेल्या पाहुण्यांनी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीच्या काठाला, बरोबर नोडच्या घराकडच्या बाजूला उभी केली होती. तेवढा वेळ निरोप पांढरीवरून गेले. त्या साडेचार तासांत घरी एकही चुकीची पातळी नोंदली गेली नाही; काही निरोप आलेच नाहीत, पण आले ते खरे. आम्ही मुद्दाम आखला असता तरी असा प्रयोग सुचला नसता.

८ जानेवारी २०२५

मॅडमनी विचारलं, "तिसऱ्या धारेचा फायदा किती? रिलेनं जुनीच धार पुन्हा पाठवली असती तर?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला आधी आवडलं नाही.

तेवढ्याच ७० बिटांत १७१ चीच धार पुन्हा पाठवून पाहिली. फरक आहे, पण थोडा. नंतर कागदावर पाहिल्यावर कारण दिसलं. अर्ध्या दराचा हा कोड दोनदा जसाच्या तसा पाठवला तर कमीत कमी फरक १० चा २० होतो. पाव दराचा, याच लांबीचा, खास शोधून काढलेला चांगला कोडही २० वरच जातो. कन्व्होल्यूशनल कोडला इतक्या खालच्या दरात पुनरुक्तीपेक्षा फार काही जास्त मिळत नाही. म्हणजे आमचा मोठा फायदा नव्या पॅरिटीमुळे आलेला नाही. तो दुसऱ्या वाटेमुळे, रिलेच्या मौनामुळे आणि आकड्यांच्या वजनामुळे आलेला आहे. अहवालात हे असंच लिहिणार.

नव्या पॅरिटीतून खरं काही काढायचं तर टर्बोच्या वाटेनं जावं लागेल. बेरू, ग्लाव्हियू आणि थितिमाजशिमा यांचा टर्बो कोड १९९३ चा. झाओ आणि व्हॅलेंटी यांनी २००३ मध्ये तो रिलेवर वाटून टाकला: रिले निरोप समजून घेतो, बिटं पत्ते पिसावेत तशी पिसतो, मग पुन्हा कोड करतो. घरी दोन डीकोडर, एक विहिरीच्या क्रमातला, एक पिसलेल्या क्रमातला, आळीपाळीनं एकमेकांचे अंदाज सुधारतात. युक्ती देखणी आहे. पण पिसण्याचा फायदा लांब निरोपाला मिळतो, हजारो बिटांना. आमच्या ६४ बिटांच्या पत्त्यांच्या जोडात पिसायला आहे काय? सिम्युलेशनमध्ये करून पाहिलं, एवढ्या लहान निरोपाला ईएसपी३२ वर वाढवलेल्या कामाचं मोल निघत नाही. सोडून दिलं.

जाता जाता: तीन टोकांचा हा साधा प्रश्न व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये मांडला, कव्हर आणि एल गमाल यांनी १९७९ मध्ये त्याच्या मर्यादा काढल्या. एक बोलणारा, एक मधला, एक ऐकणारा, एवढ्याची सर्वसाधारण क्षमता किती, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही.

१९ जानेवारी

ऊस गेला. टोळी तीन दिवसांपूर्वी आली, काल संध्याकाळी शेवटची गाडी भरली.

सकाळी आलेख उघडला तर सरळ वाटेचा सिग्नल एकदम वर चढलेला. मला आधी वाटलं प्रोग्राम बिघडला. मग गच्चीवर गेलो. विहिरीवरचा बांबू नुसत्या डोळ्यांना दिसत होता, जो नोव्हेंबरपासून कधी दिसला नव्हता. मधे राहिलंय फक्त पाचट.

निरोप घरी थेट पोचतात. रिले मात्र इमानानं दरवेळी आपली सत्तर बिटं पाठवतोय, कुणाला गरज नसताना. हवा व्यापतो, बॅटरी जाळतो. आणि आधीची मोजणी व आताची मोजणी एका तक्त्यात घालता येणार नाही, वाटच बदलली. मी दोन तक्ते करतोय, "उसातून" आणि "ऊस गेल्यावर".

आबा म्हणाले खोडवा ठेवणार आहेत. म्हणजे पावसाळ्यात वाट पुन्हा बंद होत जाईल.

२ फेब्रुवारी

ठरलं: रिलेनं मागितल्यावरच बोलायचं. विहीर बोलते, घर आधी एकट्या १४० बिटांवर प्रयत्न करतं. सीआरसी जुळला तर घरानं एक छोटा "मिळालं" पाठवायचा. रिलेला निरोप कळला असेल आणि ठरलेल्या वेळात "मिळालं" ऐकू आलं नाही, तरच त्यानं तिसरी धार सोडायची. २००४ च्या त्याच लेखात ही रीत आहे. परतीच्या एका बिटावर एवढं काम होतं. तो एक बिट मात्र हरवून चालणार नाही, म्हणून तो ३२ बिटांच्या दोन ठरलेल्या शब्दांपैकी एक म्हणून पाठवणार, एकमेकांपासून जितके दूर ठेवता येतील तितके दूर.

"मिळालं" हरवलंच तर? रिले विनाकारण बोलेल, थोडी बॅटरी जाईल, निरोपाचं नुकसान नाही. चूक व्हायचीच असेल तर या बाजूला व्हावी, असं पाहून वेळ बांधली.

अडचण एकच. आरटीएल डोंगल फक्त ऐकतो, बोलत नाही. लातूरहून आणखी एक एसएक्स१२७६ आणलंय. सोल्डरिंग आज झालं, अँटेना ८.६ सेंटीमीटरची तार कापून केली. उद्या सकाळी मित्र पांढरीवर, मी गच्चीवर.